तळापुरती कॉफी

प्राची, माझी नात, सणसवाडीला एका कंपनीत नोकरी करते आणि तिथंच खोली घेऊन राहते. रविवारी ती शिरूरला आमच्याकडं येते. पिशवी ठेवते, "आबा, एस्प्रेसो पिऊन येते," म्हणते आणि हायवेवरच्या नव्या कॅफेत मैत्रिणींकडं जाते. परतते ती जेवायला. जेवली की परतीची बस. रविवार कॅफेचा, आमच्या वाट्याला खरकटं ताट.

"घरीच बस" म्हणायचं धाडस माझ्यात नाही. नोकरीभर मी ग्रंथालयात 'शांतता राखा' या पाटीखाली बसलो. माझ्या वतीनं पाटीच बोलायची. म्हणून मी एस्प्रेसोचं मशीन मागवलं.

सोबतचं माहितीपुस्तक दोनदा वाचलं. बिया बारीक दळायच्या, पूड दट्ट्यानं सारखी दाबायची, मग मशीन जोर लावून गरम पाणी त्यातून काढतं आणि मधासारखी दाट धार पडते. पहिल्याच दिवशी धार तशीच पडली. मलाच खरं वाटेना. माझी पत्नी सुरेखा हिनं घोट घेतला आणि विचारलं, "कडुनिंबाचा पालाबी टाकलात का?"

दोष माझाच असणार हे धरून चाललो होतो. कुठला, एवढंच ठरत नव्हतं. पाणी बदललं. दाबताना मनगट हलतं की काय म्हणून आरशासमोर दाबून पाहिलं. एकदा बिया मिक्सरमध्ये दळल्या, त्यात आदल्या दिवशी ठेचा झाला होता. ती कॉफी सुरेखाला त्यातल्या त्यात बरी वाटली.

रविवार आला. प्राची निघाली तेव्हा मी दाराशी पुटपुटलो, "आज... म्हणजे तुला चालत असेल तर... घरी केली तर?"

तिनं एक चप्पल काढली. "मैत्रिणी थांबल्यात, आबा. एक कप बघते. नाही जमला तर जाते. चालेल?"

तेवढ्यात मांडवगण फराट्याहून सुरेखाचे धाकटे भाऊ पोपटराव आले. "दाजी, यंत्र आणलंय म्हणं! बघू तरी."

पाहुणा आला म्हणजे पहिला कप त्याचा. मी बटण दाबलं. धार पडू लागली. कपाचा तळ झाकला गेला.

"आबा, बंद करा!" प्राची ओरडली.

"अगं, कप भरायचाय अजून."

"भरायचा नसतो! धार फिकी पडली बघा. आता निघतंय ते नुसतं कडू पाणी."

मी घाईनं बटण बंद केलं. पुस्तकात 'तीस मिली' छापलं होतं. मी वाचलं होतं. पण पाहुण्यापुढं पाव कप ठेवा असं कोण छापेल? मुद्रणदोष समजून पुढं गेलो होतो आणि रोज काठोकाठ भरत होतो.

"माझ्या भावाला तळाशी चिकटलेला घोट देणार?" सुरेखा म्हणाली. "गावात सांगंल, बहिणीनं उष्टा कप पुढं केला."

"न्हाई सांगायचो, अक्का," पोपटराव म्हणाले. "पर दिसतोय तसाच."

कप भरला तर नात जाणार, न भरला तर मेहुणे. प्राचीची दुसरी चप्पल अजून पायातच होती.

पुढचं मला सुचलं असं म्हणायला जीभ रेटत नाही. काचेचं कपाट समोरच होतं, एवढंच. त्यात प्राचीची भातुकली होती, चिनी मातीची. त्यातले दोन कप विसळले, नवी पूड दाबली आणि ते धारेखाली धरले. धार फिकी पडायच्या आत दोन्ही काठोकाठ भरले. थोडी बशीतही सांडली. अगदी रीतसर.

पोपटरावांनी कप चिमटीत धरला आणि एका भुरक्यात संपवला. "औषध झकास हाय, दाजी. आता च्या टाका."

प्राचीनं घोट घेतला. तिच्या तोंडाकडं बघायचा मला धीर झाला नाही, म्हणून पायाकडं बघत राहिलो. दुसरी चप्पल निघाली. मग ती फोनवर म्हणाली, "मी नाही येत. तुम्हीच या इकडं सगळ्या."

सगळ्या म्हणजे किती, हे विचारवेना. पुन्हा कपाटाशी गेलो. कप एकूण चारच, त्यातल्या एकाचा कान तुटलेला. बाकी किटली होती, पातेलं होतं, कुकर होता.

"मुलींना कुकरमध्ये दिली तर चालेल का गं?" मी सुरेखाला हळूच विचारलं.

"द्या की," ती म्हणाली. "पण भरून द्या."