धुऱ्यावरचे तीन टोचे

मित्रांनो, मला आता कोणी ओळखत नाही, म्हणून आधी ओळख करून देतो. मी नकाशे काढायचा एक जुना पेन आहे. दोन पोलादी पाती, त्यांच्यामध्ये शाईचा थेंब आणि रेघ जाड-बारीक करायला एक स्क्रू, एवढाच माझा देह. १९५१ साली अमरावतीच्या हेमचंद्रांनी मला विकत घेतले. ते लोकांना जुन्या नकाशांच्या नकला करून देत. जुना नकाशा खाली, पारदर्शक ट्रेसिंग कापड वर, आणि वरून मी. माझ्या रेघेला लोक वाखाणत आणि मी फुगून जाई.

१९५८ साली बडनेऱ्याजवळच्या दुर्गाबाई आणि त्यांचे दीर खुशालराव आपला गावनकाशा घेऊन आले. वावराची वाटणी व्हायची होती. खुशालराव म्हणाले, "नकाशा जे सांगन, ते मले मंजूर."

नकाशा वर्षानुवर्षे घडी घालून ठेवलेला. घडीवर धुऱ्याची, म्हणजे बांधाची रेघ बोटभर पुसली होती. हेमचंद्रांना घाई होती. त्यांनी पट्टी ठेवली आणि मी दोन टोके सरळ जोडून टाकली. खरे सांगतो, मला ती रेघ फार आवडली.

नक्कल पाहून दुर्गाबाईंनी विहिरीच्या खुणेवर बोट ठेवले. "बाबूजी, विहीर माह्या मालकानं खंदली. ते भावजीच्या वावरात कशी गेली?"

खुशालराव मान खाली घालून उभे. शब्द दिलेला होता, आणि नकाशा त्यांच्याच बाजूने बोलत होता. बाईंच्या सांगण्यावरून रेघ वाकवणे हेमचंद्रांना पटेना.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी अनसूयाबाई चहा घेऊन आल्या. भरतकामाची नक्षी उतरवायला त्या कागद सुईने टोचून घेत. त्यांनी जुना नकाशा उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"अहो, इकडे पाहा. शाई गेली, पण टोचे नाही गेले."

पुसलेल्या जागी तीन बारीक भोकांतून ऊन येत होते. पूर्वीच्या कारागिराने धुऱ्याची वळणे सुईने टोचून घेतली होती. हेमचंद्रांनी माझी रेघ ब्लेडने खरवडली. मला लाज वाटली. मग पट्टी बाजूला ठेवून त्यांनी मला त्या टोच्यांवरून हळूहळू नेले. धुरा विहिरीला वळसा घालून गेला. विहीर दुर्गाबाईंच्या वावरात आली.

खुशालराव म्हणाले, "बरं झालं वहिनी. मले रातभर झोप नसती आली."

पुढे हेमचंद्रांची नजर अधू झाली. एकदा मला पुसायचे राहून गेले आणि माझ्या पात्यांत शाई वाळली. आता माझ्याने एकही रेघ निघत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी जुना नकाशा असेल तर त्याची घडी घालू नका, गुंडाळून ठेवा. पेन वापरून झाला की पुसून ठेवा. आणि रेघ जिथे तुटलेली दिसेल, तिथे पट्टी ठेवण्याआधी कागद एकदा उजेडात धरा. मी धरला नव्हता, आणि एका बाईची विहीर जाता जाता राहिली.