चार बोटं मागे

फोकस चुकला, असं एकतीस वर्षांत त्याला कोणी म्हटलं नव्हतं. आज सगळ्या युनिटसमोर एक पोरगी म्हणाली.

"काका, पुन्हा धूसर आलंय. साहेबांचा कान बघा किती झकास दिसतोय. डोळे कुठे आहेत?"

लाइटवाले फिदीफिदी हसले. पोरगी म्हणजे दिग्दर्शक. वय एकोणतीस, दुसराच सिनेमा, पण नजर घारीची. साहेब म्हणजे सिनेमाचे हिरो.

युनिटमध्ये त्याला फूटपट्टी म्हणायचे. काम एकच. कॅमेऱ्यापासून नटाच्या डोळ्यापर्यंत टेप लावून अंतर मोजायचं आणि नट हलला की लेन्सची रिंग तेवढीच फिरवायची. चेहरा स्पष्ट आला तर त्याची कोणाला आठवणही येत नाही. धूसर आला की सगळ्यांना एकदम येते.

पोरगी जवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, आणि तेच जास्त लागलं, "काका, एकदा डोळे तपासून घ्या ना. उद्या दाराचा शॉट आहे. अख्खा सिनेमा त्या शॉटवर उभाय. उद्याही असंच झालं तर मला दुसरा माणूस बोलवावा लागेल. राग मानू नका."

"नाही गं. राग कसला," तो म्हणाला.

त्याच्या डोळ्यांना काहीएक झालं नव्हतं. पण ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

साहेब एकतीस वर्षांचे होते तेव्हा हा सत्तावीसचा. पहिलाच सिनेमा त्यांच्यासोबत. तीन फुटांवरून क्लोजअप घ्यायचे. साहेब नुसती पापणी उचलायचे आणि हा टेप गुंडाळायचं विसरायचा. तेव्हा थिएटरं ओसंडून वाहायची. मग साहेब बावन्नचे झाले. एक दिवस मॉनिटरवर स्वतःला बघितलं आणि याला बाजूला घेतलं.

"डोळ्यावर नको घेत जाऊस. चार बोटं मागे घे. कानावर. थोडं मऊ दिसतं."

"साहेब, लोकांना कळेल."

"कोणाला नाही कळत. तुझ्या-माझ्यात ठेव."

ठेवलं. दहा वर्षं ठेवलं. कॅमेरामन ओळखायचे, पण एवढ्या मोठ्या माणसाला बोलणार कोण? निर्माते तर खूश. साहेब अजून चाळिशीचेच दिसतात! आणि इकडे थिएटरं रिकामी व्हायला लागली. आधी मागच्या रांगा, मग मधल्या. ज्याच्या त्याच्याकडे कारण तयार. साहेब म्हणायचे, लोकांना मोबाइलनं खाल्लं. निर्माते म्हणायचे, गोष्टी चांगल्या मिळत नाहीत. मेकअपवाला म्हणायचा, समोर लेकीच्या वयाची हिरॉइन उभी केली की लोक हसणारच.

खरं कारण याला घरात कळलं होतं.

त्याची बायको साहेबांची जुनी वेडी. लग्नाआधी एकच सिनेमा अकरा वेळा बघितलेला. हल्ली तो पास आणायचा आणि ती शेजारणीला देऊन टाकायची. एकदा त्यानं विचारलंच. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"म्हातारा झाला म्हणून जात नाहीस ना?"

"अहो, म्हातारी तर मीपण झाले."

"मग?"

हातातली चादर तशीच धरून ती बसली. "आधी कसं, तो आता काहीतरी सांगणार आणि ते फक्त मलाच कळणार, असं वाटायचं. आता वाटतं, बंद खिडकीच्या काचेमागून कोणीतरी हात हलवतंय. असेल ओळखीचा. पण दिसत नाही ना नीट."

ती काच आपणच लावलीय, हे बायकोला कोणत्या तोंडानं सांगणार?

पॅकअप झाल्यावर तो साहेबांच्या व्हॅनमध्ये गेला. मेकअपवाला विग उतरवत होता. साहेबांनी त्याला हातानंच बाहेर पाठवलं.

"ये रे फूटपट्टी. तुला चष्मा लागला म्हणे?"

"तुमच्यामुळे लागला, साहेब."

साहेब हसले. मग हसायचे थांबले.

"उद्याचा शॉट डोळ्यावर घेतो," तो म्हणाला.

"नाही."

"साहेब..."

"नाही म्हटलं ना! त्या पोरीशी मी बोलतो. तुला कोणी हात लावणार नाही."

"माझं नाही हो म्हणत. तुमचं म्हणतोय. आमची ही तुमचे सिनेमे बघत नाही आता."

साहेब खुर्चीसकट वळले. "वहिनी? अरे, तुमच्या लग्नात तुझ्याआधी माझ्यासोबत फोटो काढलेला त्यांनी!"

"तोच भिंतीवर आहे. माझा कपाटात."

"मग का नाही बघत?"

त्यानं सांगितलं. बंद खिडकी, काच, हात हलवणं, सगळं. साहेब आरशाकडे बघत राहिले. आरशाभोवतीचे सगळे दिवे लागलेले होते, लपायला जागा नव्हती.

"मला हौस आहे का रे? सकाळी दाढी करताना समोर जो असतो ना, त्याला मी स्वतः ओळख दाखवत नाही. लोकांनी का दाखवावी?"

"दाखवतील की. त्यांच्या घरी पण आरसे आहेत."

साहेबांनी एक एक करत दिवे बंद केले. "जा तू. चार बोटं मागे. नेहमीसारखं."

दुसऱ्या दिवशीचा शॉट साधाच होता. म्हातारा तीन जिने चढून येतो, बेल वाजवतो. चाळीस वर्षांपूर्वी जिला सोडून गेला, तिचं हे घर. दार एक अनोळखी मुलगी उघडते. म्हणते, त्या आता इथे राहत नाहीत. म्हाताऱ्याला वाक्यच नाही. नुसतं बघायचं.

त्यानं टेप साहेबांच्या डोळ्याजवळ धरला. साहेब ओठ न हलवता म्हणाले, "लक्षात आहे ना?"

"आहे."

त्यानं रिंग कानावर लावली. पोरगी मॉनिटरजवळ हाताची घडी घालून उभी. कॅमेरा चालू झाला. बेल. दार. मुलगी म्हणाली, "त्या आता इथे राहत नाहीत."

साहेब हललेच नाहीत. पण त्या धुक्यात काहीतरी व्हायला लागलं. त्याच्या छोट्या स्क्रीनवर कानाचा एक एक केस मोजता येत होता आणि चार बोटं पुढे, नेमकं तिथेच, तो माणूस परत आला होता. पहिल्या सिनेमातला, तीन फुटांवरून जीव घेणारा. आला होता आणि दिसत नव्हता. दहा वर्षं हा तिथे येत असणार आणि आपण दर वेळी तोंडावर दार लावत असणार, असं त्याच्या मनात आलं. एकदा बघायचंय. फक्त एकदा.

रिंग फिरली.

लोंबलेल्या पापण्या आल्या. डोळ्यांखालच्या पिशव्या, कडेच्या सुरकुत्या, सगळं आलं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध ते डोळे. ओले नव्हते. आत कोणी आहे का, एवढंच विचारत होते.

कट म्हणायला पोरीला बराच वेळ लागला.

साहेब मॉनिटरपाशी आले. शॉट बघितला. "परत लाव," म्हणाले. परत बघितला.

"फूटपट्टी, काय ठरलं होतं?"

"मागे."

"मग?"

"हात गेला, साहेब."

पोरगी एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कालचं आपलंच बोलणं आठवून ती खाली बघायला लागली.

"अजून एक घेऊ," साहेब म्हणाले. "नेहमीसारखा."

"घ्या," तो म्हणाला. "फक्त रिंगवर दुसऱ्याला उभं करा. माझ्याच्यानं नाही होणार आता."

साहेब त्या दारासमोर जाऊन सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले. मेकअपवाला पावडरचा डबा घेऊन धावला. त्यांनी न वळताच हात वर करून त्याला थांबवलं.

"पोरी, पुढचा शॉट कुठला?"

"म्हणजे हा... ओके धरू?"

"मला काय विचारतेस? फोकस त्याचा आहे."

सगळे त्याच्याकडे वळले. "काका?" पोरीनं विचारलं.

"ओके," तो म्हणाला. मग टेप उचलून पुढच्या शॉटचं अंतर मोजायला गेला.