घर चुकवून गेलेली रेघ

आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग येऊन गेला असेल. नवी वस्तू दारात आलेली असते, सगळे आनंदात असतात आणि तेवढ्यात कोणीतरी हळूच विचारतं, "पूजा कोणाच्या हातानं करायची?" प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरानं एखाद्या माणसाचं मन मोडू शकतं. राहात्याच्या आदिनाथच्या घरी तसंच झालं.

आदिनाथचं पाइपांचं दुकान होतं. आठवडाभर दुकान आणि रविवारी सकाळी सायकल, असा त्याचा नेम. गावात त्यांचा सतरा जणांचा गट होता. सहाला निघायचं, कालव्याच्या पाण्याच्या चारीच्या कडेनं, पेरूच्या बागांमधून अस्तगावपर्यंत जायचं आणि चहा घेऊन परत यायचं. त्या चहाच्या टपरीवर सगळ्यांच्या घरच्या बातम्या कळायच्या. कोणाला नात झाली, कोणाची मुलगी नोकरीला लागली, कोणाचं वजन चार किलोनं उतरलं. ज्याची बातमी त्यानं जिलबी आणायची.

गटाची आणखी एक रीत होती. नवी सायकल आली की तिची पहिली फेरी चारीजवळच्या कल्याणरावांच्या दारातून निघायची. त्यांची बायको मनकर्णा सायकलला कुंकू लावायची, चाकाखाली लिंबू ठेवायची आणि हँडलला लाल दोरा बांधून म्हणायची, "पडलास तरी उठशील." ती स्वतःही सत्तेचाळिसाव्या वर्षी नवऱ्याकडून सायकल शिकली होती आणि शिकताना दोनदा चारीत पडली होती. कल्याणराव नेहमी सगळ्यांच्या मागे चालवायचे. पंक्चरचं सामान त्यांच्याजवळ असायचं. "मागं कोणी राहायला नको," म्हणायचे.

पाच महिन्यांपूर्वी गाईंना चारा टाकताना कल्याणरावांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गटातले सगळे अंत्यविधीला गेले, दहाव्याला गेले. मग हळूहळू त्या घरी कोणी जाईनासं झालं. मनकर्णाची सायकल पडवीतच राहिली.

एका शनिवारी आदिनाथच्या मुलीची, संस्कृतीची, गियरची सायकल नगरहून आली. बारा वर्षांची पोर सायकलभोवती नाचत होती.

"आजी, उद्या मनकर्णाकाकू दोरा बांधणार! मी फोनवर सांगून ठेवलंय."

आदिनाथची आई सत्यशीला तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"कल्याणची बायको? आता? पोरीची नवी वस्तू हाय, आदिनाथ. काय व्हायचं आन् काय नाय! अश्विनी हाय की घरात, तिच्या हातनं कर."

आदिनाथच्या बायकोनं, अश्विनीनं, नवऱ्याकडे पाहिलं. आदिनाथला ते पटलं नव्हतं, पण तो वादही घालू शकला नाही. त्यानं मनाची समजूत काढली की मनकर्णावहिनींनाच अवघड वाटेल, त्यांना कशाला त्रास? रात्री त्यानं फेरीला येणाऱ्या एकेकाला मेसेज केला, "चारीचा रस्ता खराब झालाय. उद्या मागच्या खडीच्या रस्त्यानं जाऊ." आणि मुलीला सांगितलं, "काकूंना बरं नाहीये गं."

रविवारी घरीच अश्विनीनं कुंकू लावलं. सायकली निघाल्या. चारीच्या अलीकडे सगळे डावीकडे वळले आणि मनकर्णाच्या घराच्या पाठीमागून खडखडत निघाले. पोरीनं हौसेनं घंटी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. तेवढ्यात शेतापलीकडून बारीक आवाज आला.

"बाबा, कोणीतरी हाक मारतंय."

आदिनाथनं ती ऐकली होती. आवाजही ओळखला होता.

"पुढे बघून चालव," तो म्हणाला आणि त्यानं पायडल जोरात मारलं.

टपरीवर जिलबी वाटली गेली, फोटो निघाले. पण आदिनाथला जिलबी गोड लागली नाही.

सोमवारी बजरंग गुरुजी दुकानात आले. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, गटातले सर्वांत वयस्कर. गुडघा दुखत असल्यानं रविवारी ते आले नव्हते. स्टुलावर बसून त्यांनी मोबाईल आदिनाथपुढे धरला. गटातले सगळे सायकलचं एक ॲप वापरत. कोण कुठून कुठे गेला, त्याची नारिंगी रेघ त्यात नकाशावर उमटते आणि ती गटातल्या सगळ्यांना दिसते.

"ही रविवारची रेघ. जरा वाच मला."

"रेघ काय वाचायची, गुरुजी?"

"मी चाळीस वर्षं पोरांना रेघा वाचायला शिकवल्या. ही बघ, सरळ चाललीय. इथं अचानक वळलीय. एका घराला वळसा घातलाय आणि पुन्हा त्याच रस्त्याला लागलीय. ते घर कोणाचं?"

आदिनाथनं मोबाईल गुरुजींकडे परत सरकवला.

"ही रेघ मनकर्णालाही दिसते रे. अजून आहे ती गटात."

"गुरुजी, त्यांना वाईट वाटू नये म्हणूनच..."

"विचारलं होतंस तिला?"

"नाही. पण आई म्हणाली..."

"बाहेर तुझी सायकल उभी आहे. तिच्या हँडलचा दोरा कोणी बांधला?"

"वहिनींनी."

"सहा वर्षं झाली. तो काढून टाकलास का?"

"नाही."

"मग सहा वर्षं जो हात चांगला होता, तो पाच महिन्यांत वाईट कसा झाला? कल्याण गेला यात तिचा काय गुन्हा?" गुरुजींनी मोबाईल खिशात ठेवला. "आणखी एक विचारतो. तुझ्या लग्नात तुझी आई कुठं उभी होती?"

आदिनाथला आठवेना. वडील गेले तेव्हा तो कॉलेजात होता, लग्न त्यानंतरचं. त्यानं लग्नाचे सगळे फोटो मनात उलटून पाहिले. अक्षता, सप्तपदी, वरात. एकाही फोटोत आई नव्हती! आणि इतक्या वर्षांत ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तो संस्कृतीला घेऊन चारीवर गेला. मनकर्णा गोठ्यात होती. हात धुऊन तिनं चहा ठेवला. पडवीत दोन सायकली होत्या. तिच्या सायकलवर धूळ होती. कल्याणरावांची मात्र लख्ख पुसलेली, दोन्ही चाकांत हवा. कोनाड्यात औक्षणाचं ताट तसंच होतं. वात न जळलेली, लिंबू अख्खंच, शेजारी लाल दोऱ्याची गुंडी.

"काकू, तुम्हाला बरं नव्हतं ना?" संस्कृतीनं विचारलं.

मनकर्णानं आदिनाथकडे पाहिलं. मग पोरीच्या केसांवरून हात फिरवला.

"व्हय बाळा. बरं नव्हतं."

पोर गाईच्या वासराकडे पळाली, तशी ती हळू बोलू लागली.

"साडेपाचला उठून अंगण झाडलं, आदिनाथभाऊ. पाच महिन्यांनी पहिल्यांदा उठावंसं वाटलं हुतं. गेटापाशी ताट घिऊन उभी राह्यले. घंट्या आल्या, पर मागल्या अंगानं. मला वाटलं, पोरं रस्ता चुकली. म्हनून हाका मारल्या. लई हाका मारल्या."

"वहिनी, मी ऐकल्या होत्या," आदिनाथ कसाबसा म्हणाला. "मला माफ करा."

तिनं चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला.

"ते गेले तवा मी एकटी झाले. पर त्यो देवाचा कारभार, त्याला कोन काय करनार? विधवा मात्र मी काल झाले. आन् ती मला तुमी केली. ज्यांच्या सायकलींला मी दोरे बांधले, त्यांनी."

आदिनाथचा चहा निवला. "येत्या रविवारी आम्ही इथूनच निघू," तो म्हणाला. "तुम्ही दोरा बांधा."

"आता हात उचलंल का, ठावं न्हाई," ती म्हणाली. "आन् खरंच बांधायचा आसंल तर आधी घरी जाऊन तुमच्या आईला विचारा. रागानं नगं. तिचं बी असंच झालं आसंल."

घरी येऊन आदिनाथ आईजवळ बसला.

"आई, माझ्या लग्नात तू कुठं होतीस?"

"कुठं आसनार? सैपाकघरात. मांडवात मला कोन येऊ देनार हुतं?"

"अक्षता टाकायलासुद्धा आली नाहीस?"

"खिडकीतनं टाकल्या. तुझ्यापर्यंत पोचल्या न्हाईत." सत्यशीलानं पदर डोळ्यांना लावला. "वाट बघितली रे. तू हाक मारली आसतीस तर आले आसते."

आदिनाथनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. हाक मारणारीला त्यानं ओ दिली नव्हती आणि हाकेची वाट बघणारीला हाक मारली नव्हती! आपण काही वाईट केलं नाही, असं म्हणत म्हणत त्यानं दोन बायकांना जिवंतपणी दाराआड ठेवलं होतं.

त्याच रात्री त्यानं खरं कारण गटाच्या व्हॉट्सॲपवर लिहून सर्वांची माफी मागितली. रविवारी गटातल्या सगळ्या सायकली मनकर्णाच्या दारात उभ्या राहिल्या. आदिनाथची आईही आली होती. बराच वेळ दार उघडलं नाही. कोणी घंटी वाजवली नाही. शेवटी मनकर्णा ताट घेऊन आली आणि ते तिनं सत्यशीलापुढे धरलं.

"आधी तुमी, आत्या."

"मी? अगं, मी कशी..." सत्यशीला मागे सरली.

"आई, ये ना," आदिनाथ म्हणाला.

बावीस वर्षांनी त्या बोटांनी कुंकू उचललं. अर्धं कुंकू संस्कृतीच्या हातावरच सांडलं. "तुझ्या हातनं नको, हे माझ्याच तोंडातनं गेलं हुतं, मनकर्णा," एवढंच ती म्हणू शकली आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या.

मग मनकर्णानं दोरा बांधला. "पडलीस तरी..." म्हणत तिनं गाठ घट्ट केली.

"उठेन, काकू," पोर म्हणाली.

सगळे निघाले. मनकर्णा मात्र फेरीला आली नाही. या गोष्टीला आता दोन महिने होत आले, अजूनही ती आलेली नाही. सायकली तिच्या दारापाशी थांबतात, तिला हाक मारतात. ती बाहेर येते, पाणी देते, बातम्या ऐकते, आणि सायकली निघाल्या की रांगेच्या शेवटाकडे बघत राहते. तिथं कल्याणराव असायचे. आता तिथं संस्कृती असते. वळणावर ती थांबते, मागे वळून हात करते. मनकर्णाही हात करते आणि पडवीत जाऊन पंप उचलते. कल्याणरावांच्या सायकलीत हवा ती अजून भरते.

माफी मागितली म्हणून झालेली जखम लगेच भरत नाही. म्हणून ती होऊच न देणं आपल्या हातात आहे. ज्या बाईचा जोडीदार गेला, तिच्याकडून आपण कुंकू, हळद, ताट, मांडव सगळं काढून घेतो आणि वर म्हणतो की तिलाच वाईट वाटू नये म्हणून! तिला विचारलं कोणी? आपल्या रोजच्या वाटेचीही एक रेघ असते. एकदा निवांत बसून ती पाहा. कोणाच्या दारापाशी ती वळते? तिथं उद्याच सरळ जा आणि हाक मारा.

मागं कोणी राहायला नको.