नोटांना इस्त्री

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. माझ्या कारखान्यातल्या बहिणींचा जन्म शर्ट, चादरी आणि शाळेचे गणवेश यांच्यावर गेला. मी मात्र नऊ वर्षं रोज सकाळी नोटांवर फिरले. ऐकून हसू येत असेल तर खुशाल हसा. मी तापट आहे हे खरं, पण तापणं हे माझं कामच आहे.

कारखान्यात माझा तळ घासूनपुसून आरशासारखा केला, काळी मूठ बसवली, कापडी आवरणाची वायर जोडली. मुठीखालच्या चकतीवर सुती, लोकरी, रेशमी अशा खुणा होत्या. नोटांची खूण कुठेच नव्हती. ती मला ताईने शिकवली.

ताई म्हणजे त्या घरातली थोरली मुलगी. मला तिच्या वडिलांनी विकत घेतलं होतं. ते गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि तिचा भाऊ अकरा. तिने शेजारपाजारचे कपडे आणून माझ्याकडून इस्त्री करून घेतले आणि भावाची फी भरली. त्या दिवसांत माझं फार कौतुक व्हायचं. आई मला काम झाल्यावर फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि कोणाला हात लावू द्यायची नाही.

पुढे ताई मोठ्या शहरात एका लाँड्रीत कामाला लागली. निघताना आईने मला तिच्या पिशवीत घातलं. "असू दे जवळ, आपलं हत्यार आहे," म्हणाली. लाँड्रीत पगार सात हजार ठरला. पहिला पगार वीस दिवस उशिरा आला, दुसरा अर्धाच आला आणि तिसरा आलाच नाही. खोलीत तिच्यासोबत राहणारी मैत्रीण एका क्लबात नाचायची. तिथे लोक पैसे देऊन नाच बघायला येत. अंगावर कपडे कमी आणि डोक्यावर दिवे जास्त, असं ते काम. या मैत्रिणीला सगळ्या जणी हिशेबी म्हणत, कारण ती रिक्षाचे सुटे पैसेसुद्धा वहीत लिहायची. चौथ्या महिन्यात ताई तिच्यासोबत गेली. घरी मात्र तिने लाँड्रीच सांगितली, आणि पगार वाढल्याचं सांगितलं.

तुम्हाला वाटेल, नाचणाऱ्या बायकांवर पैशांचा पाऊस पडतो. मलाही तसंच वाटलं होतं. शनिवारी ताईच्या पायाशी नऊ हजार जमायचे. त्यातले निम्मे क्लबाचे. उरलेल्या साडेचार हजारांतून एक हजार जागेचं भाडं, म्हणजे स्टेजच्या लाकडी फळ्यांवर उभं राहण्याचं भाडं. गाणी लावणाऱ्याला द्यायचे, नाही तर तो मुद्दाम रडकं गाणं लावायचा. दारावरच्या माणसाला द्यायचे, नाही तर तो नको त्या गिऱ्हाइकाकडे काणाडोळा करायचा. मग रंगरंगोटी, बुटांच्या टाचा, येण्याजाण्याची गाडी. खोलीवर पोचायचे अठ्ठावीसशे. आणि मंगळवारी? मंगळवारी पंधराशे जमायचे, निम्मे गेले की साडेसातशे उरायचे, आणि जागेचं भाडं तेच एक हजार. म्हणजे चार तास नाचून वर अडीचशे द्यायचे. क्लबाचा मॅनेजर ते वहीत मांडून ठेवायचा आणि शनिवारी न विसरता कापून घ्यायचा.

सकाळी अकराच्या सुमारास ताई उठायची, चहा घ्यायची आणि मला तापवायची. जमिनीवर घोंगडी, तिच्यावर धुतलेली उशीची खोळ. रात्रीच्या नोटा पिशवीतून निघायच्या तेव्हा त्यांचे बोळे झालेले असायचे, घामाने दमट, कोपरे दुमडलेले. घामाचा पैसा म्हणतात तो मी असा उघड्या डोळ्यांनी पाहिला. ताई एकेक नोट उलगडायची, तिच्यावर चिकटलेली, नाचाच्या वेळी अंगाला लावलेली चमकी भुवया कोरायच्या चिमट्याने टिपायची, वर पातळ रुमाल टाकायची आणि मला रेशमाच्या खुणेवर ठेवून दोनदा फिरवायची. जास्त नाही, नाही तर शाई रुमालाला लागते. लाँड्रीच्या पगाराच्या नोटा सरळ असतात ना, म्हणून. चुरगळलेली नोट घरी गेली तर घरचे काय म्हणतील, ही भीती तिने माझ्या वजनाखाली रोज दाबून टाकली.

महिन्याला क्लबाचा खर्च जाऊन वीस-बावीस हजार उरायचे. त्यातले पंधरा हजार भावाकडे जायचे, बाकीचे खोलीभाड्यात आणि जेवणात. तो दर महिन्याच्या पाच तारखेला शहरात कामासाठी यायचा आणि बस थांब्याजवळच्या चहाच्या दुकानात ताईकडून पाकीट घ्यायचा. ताईला एक खोली हवी होती. स्वतःची, स्वतःच्या दाराची, आतून कडी लावता येईल अशी. तेवढंच. भाऊ घर बांधणार होता आणि वरची खोली तिची, असं ठरलं होतं.

हिशेबीने तिला किती वेळा समजावलं, मला तोंडपाठ आहे. "अगं, तुझ्या नावाचं खातं उघड. भावाला दे हवं तर, पण अर्धे तुझ्याकडे ठेव." एकदा ती ताईला बँकेत घेऊनही गेली. फॉर्मवर व्यवसाय लिहायची जागा होती. हिशेबीने स्वतःच्या फॉर्मवर केव्हाच 'नाच' असं लिहिलं होतं. कारकुनाने तेव्हा एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं आणि शिक्का मारला, बस. ताईला ती दोन अक्षरं लिहिता आली नाहीत. ती फॉर्म घडी घालून परत घेऊन आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्या फॉर्मवरची घडीसुद्धा माझ्याकडून मोडून घेतली. का, ते मला आजही कळलेलं नाही. फॉर्म मात्र कोराच राहिला.

छत्तिसाव्या वर्षी तिचा गुडघा गेला. टाचा घालून नाचणाऱ्या बहुतेकींचा जातोच. डॉक्टरने दोन महिने विश्रांती सांगितली. मॅनेजरने तिसऱ्याच दिवशी तिच्या जागी दुसरी उभी केली. जवळचे पाच-सहा हजार औषधात गेले. ताईने सामान आवरलं, मला पिशवीत सगळ्यात वर ठेवलं आणि ती आपल्या खोलीत राहायला निघाली.

भावाचं घर छान होतं. मी पिशवीच्या तोंडातून पाहिलं, कारण पिशवी जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. पांढऱ्या फरश्या, नवीन पडदे. आई खिडकीशी मटार सोलत बसली होती. तिने ताईच्या गुडघ्याची चौकशी केली, पाणी दिलं, सगळं नीट केलं. मग ताई वरच्या खोलीचं बोलली.

"वर भाडेकरू ठेवलेत गं," भाऊ म्हणाला. "हप्ते कसे फेडायचे? चार दिवस राहा ना खाली, नाही कोण म्हणतंय?"

"मला चार दिवस नाही राहायचं. मी नऊ वर्षं पैसे दिलेत. सोळा लाख वीस हजार होतात. खोली नाही तर पैसे दे."

तिने हा आकडा कधी मांडला होता कोण जाणे. कदाचित त्या सकाळींमध्ये, माझ्यावर हात ठेवून.

भाऊ चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो खुर्ची ओढून बसला आणि शांतपणे बोलू लागला. "मी लाँड्रीत चौकशी केलीय ताई. इस्त्रीवालीला सात हजार देतात. तू खाल्लंस, राहिलीस, म्हणजे महिन्याला फार तर दोन-तीन हजार तुझे. ते आईच्या औषधाला गेले. बाकीचे पैसे कुठून आले, ते तू सांग. इथे, आईसमोर सांग. मी लगेच हिशेब करतो."

ताईचा चेहरा मला दिसत नव्हता. तिचा हात दिसत होता. तो पिशवीवर, अगदी माझ्या मुठीवर होता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"पहिल्या महिन्यापासून. तू कितीही टिपलीस तरी दोन-चार नोटांवर चमकी राहायचीच. आईच्या हातात पाकीट द्यायच्या आधी मीच झाडायचो."

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, मला लाज नसते. पण त्या दिवशी वाटलं की आपण तापावं आणि टेबलाला आरपार भोक पाडावं. वायर गुंडाळलेली होती. मी थंड पडून होते.

मग ताई बोलली. आवाज चढवून नाही, पण स्पष्ट. "आई, मी लाँड्रीत नव्हते. मी क्लबात नाचायचे. लोक अंगावर पैसे फेकायचे, ते मी उचलून, इस्त्री करून तुम्हाला द्यायचे. नऊ वर्षं. हे घर त्याच पैशांचं आहे."

जे लपवण्यासाठी मी नऊ वर्षं राबले, ते तिने एका दमात उघडं केलं. मला वाटलं, आता आई उठेल. आईचे हात थांबलेसुद्धा नाहीत. तिने आणखी एक शेंग फोडली, दाणे भांड्यात टाकले आणि म्हणाली, "हळू बोल. वर भाडेकरू आहेत."

भाऊ उठला. "सांगितलंस ना? आता तूच बघ, इथे कशी राहणार," म्हणाला. हिशेब त्याने केला नाही. ताईने पिशवी उचलली. मटाराच्या भांड्याचा टण टण आवाज आम्हाला दारापर्यंत ऐकू येत होता.

आता आम्ही हिशेबीच्या चाळीत जिन्याखालच्या जागेत असतो. हिशेबीने जिन्याखालच्या कोपऱ्यासकट स्वतःची दोन खोल्यांची जागा घेतली आहे आणि जिन्याखालचं भाडं ती ताईकडून वेळेवर घेते. त्यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ताई खरोखरची इस्त्रीवाली झाली आहे. एका शर्टाचे चार रुपये मिळतात. तिच्या एका शनिवारचे सातशे शर्ट होतात, हे मला मोजावं लागलं, कारण तिने मोजायचं सोडलं आहे. दुखरा गुडघा लोखंडी स्टुलावर टेकवून ती उभी असते. माझ्या तळाला डाग पडलेत, वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीने बांधली आहे, चकती रेशमाच्या खुणेवर आता जातच नाही.

इथे मी सांगायला हवं की मला ओल्या हाताने धरू नका, वायर नीट गुंडाळा, काम झाल्यावर उभी ठेवा. ते करालच. मला दुसरंच सांगायचं आहे. मोठे झालात की जे काम कराल, त्याचं नाव स्वतःच्या हाताने फॉर्मवर लिहा. आणि कोणी तुमच्यासाठी आपलं काम लपवत असेल, तर त्याचे पैसे घेण्याआधी त्याला त्या कामाबद्दल विचारा. न विचारता नोटा झाडून घेऊ नका.

परवा एका गिऱ्हाइकाने ताईला दहाची नोट दिली. पार चुरगळलेली, ओली. मी तापलेली होते, रुमाल शेजारीच पडला होता. ताईने नोट हातात धरली, माझ्याकडे पाहिलं, आणि तशीच, बोळा करून, डब्यात टाकली.