भुवईपाशी घसरले ती मी

मी एक बारीक कोरणी बोलतेय. लांबी बोटभर, टोक उंदराच्या दाताएवढं. लाकडात केसासारखी रेघ काढायची, एवढंच माझं काम. माझं कौतुक ऐकायला बसला असाल तर आधीच सांगते, तसं काही नाही. माझ्यामुळे एका धडधाकट माणसानं स्वतःला म्हातारं ठरवलं आणि एका बाईचं बघायचं राहून गेलं. ते सगळं मला एकदा बोलून टाकायचंय.

जन्मानं मी छत्रीची काडी. आमच्या सोलापुरात छत्री पावसापेक्षा उन्हालाच जास्त लागते. माझी छत्री उन्हाळी वावटळीत उलटी झाली, मोडली आणि भंगारवाल्याकडं गेली. तिथून मला विजापूर वेशीतल्या पीरसाबांनी उचललं. पीरसाब ठसे कोरायचे. चादरींवर, पलंगपोसांवर वेलबुट्टी छापायला लाकडी ठसे लागत, ते त्यांच्या हातचे असत.

"बघ सायरा," ते बायकोला म्हणाले, "काडीला मधोमध आयती पन्हळ हाय. असली बारीक कोरणी बाजारात मिळायची न्हाय."

"घरात धड छत्री न्हाय," सायराबानू म्हणाल्या, "काड्या तेवढ्या आणा गोळा करून."

पीरसाबांनी मला कापलं, लाल होईस्तोवर तापवलं, तेलात बुडवलं, दगडावर घासलं, चामड्याच्या पट्ट्यावर ओढलं. धार नखावर टेकवून बघितली. मग बाभळीच्या मुठीत बसवलं आणि मुठीवर शेजारच्या कारखान्यातलं सूत घट्ट गुंडाळून वर लाख चढवली. मला फार मिरवल्यासारखं झालं होतं. कालची भंगारातली काडी मी, आणि आज उस्तादाच्या उजव्या हातात!

वीस-बावीस वर्षं आम्ही मिळून काम केलं. रुंद पटाशा जागा मोकळी करायच्या, जाड कोरण्या पानं-फुलं काढायच्या. पानाची शीर, मोराच्या पिसाचा केस आला की पीरसाबांचा हात माझ्याकडंच वळायचा. बाकीची हत्यारं ते उसनी देत, मला कधी नाही.

पुढं कपड्यावर जाळीच्या चौकटीनं छपाई व्हायला लागली. ठशांना कोण विचारतो? काम आटलं. पीरसाब दारात बसून राहायला लागले. तेवढ्यात अक्षताबाई आल्या. एका शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांना लाकडावर चित्र कोरून कागदावर छापायचं शिकायचं होतं. दर रविवारी स्कूटीवरून यायच्या, पीरसाबांना चाचा म्हणायच्या, सायराबानूंना चाची.

पहिल्या दिवशी अक्षताबाईंनी कोरणी घेतली आणि थेट रेघेवरच चालवली.

"आवं बाई, रेघ कुटं कापताय?" पीरसाब हसले. "रेघेला हातच लावायचा न्हाय. हिकडनं एकदा जायचं, तिकडनं एकदा जायचं. मधी उरती ती रेघ."

मग त्यांनी सगळं बैजवार दाखवलं. चित्राचा कागद खळीनं लाकडावर उलटा चिकटवायचा, वर खोबरेल चोळायचं म्हणजे रेघा आरपार दिसतात. कोरणी बाहेरच्या अंगाला कलती धरायची, म्हणजे रेघ खाली रुंद राहते आणि वर बारीक. रेघेच्या खाली शिरलात तर ती दिसायला छान दिसते आणि चार छापांत ढासळते. वळण आलं की हात वळवायचा नाही, ठसा वळवायचा.

आणि एक गोष्ट ते परत परत सांगायचे. "रेघ तुटली तर हत्याराला बोल लावायचा न्हाय. आधी आपला हात बघायचा." त्यांच्या उस्तादानं त्यांना तसंच शिकवलं होतं. चांगलीच शिकवण आहे. पण तिनंच घात केला. तिनं आणि मी.

सायराबानूंना साखरेचा आजार. त्यानं डोळ्यांचे पडदे खराब होत चालले होते. डावा डोळा गेलाच होता. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर. घरी येऊन त्यांनी चहा टाकला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "जन्मभर लोकांच्या पलंगपोसांवर कैऱ्या कोरल्या. माझं थोबाड कधी कोरलं न्हाय. आता कोरा. डोळा हाय तवर बघते तरी."

पीरसाबांनी पलंगाखालून शिसवाचा एक जुना तुकडा काढला. किती वर्षं जपून ठेवला होता कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी सायराबानूंना खिडकीत बसवलं. त्यांचं बडबडणं थांबेना, "नाक बारीक काढा हं, तुमच्यासारखं न्हाय!"

महिनाभरात चेहरा लाकडात उतरला. पदर झाला, कान झाला, कानामागची पांढऱ्या केसांची बट झाली. त्या बटेत मी एकशेचाळीस रेघा सोडल्यात आणि एकही तुटली नाही. राहिलं काय, तर उजवी भुवई आणि तिच्याखालचा डोळा.

आणि एके दिवशी मी पीरसाबांच्या मांडीवरून घरंगळले. खाली शहाबादी फरशी. टणकन आवाज झाला. पीरसाबांनी मला उचललं, धार नखावर टेकवली. धार शाबूत होती. सरळ रेघ ओढून बघितली, ती सरळ आली.

पण माझी मूठ आतून तडकली होती. वर सूत आणि लाख, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. सरळ ढकललं की मी मुठीत नीट बसायचे. वळणावर आडवा जोर आला की केसभर सरकायचे. केसाच्या रेघेत केसभर सरकणं म्हणजे काय, ते तुम्हीच समजा.

मला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. मी अंग सोडलं असतं तर तिथंच मुठीतून निखळून पडले असते आणि तडा उघडा झाला असता. पीरसाबांनी दुसरी मूठ बसवली असती, तासाभराचं काम. पण समोर त्यांच्या मोडक्या हत्यारांचा डबा होता. त्यात पडलेलं कुणी परत बाहेर आलेलं मी बघितलं नव्हतं. मी घाबरले हो. अंग आवरून धरलं आणि गप्प राहिले. माझा जीव वाचावा म्हणून.

भुवईच्या वळणावर मी सरकले. तीन केस उडाले.

पीरसाबांनी मला बाजूला ठेवलं आणि स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून बघितला. माझ्याकडं बघितलंही नाही. तेवढी जागा खणून त्यांनी लाकडाची बारीक गुल्ली बसवली, घासून सपाट केली, परत रेखाटलं. परत वळणावर मी सरकले. तिसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी मी खरंच जोर लावून धरलं होतं, शपथ. पण तडकलेल्या मुठीत कसला जोर!

"हात गेला माझा," ते म्हणाले.

सायराबानूंनी त्यांचा हात हातात घेतला. "कुटं थरथरतोय? मला तर दिसंना."

"तुला आता काय दिसतंय," ते म्हणाले आणि लगेच त्यांना स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली. उठून बाहेर गेले.

पुढच्या रविवारी त्यांनी सगळी हत्यारं धुतलेल्या फडक्यात बांधली आणि अक्षताबाईंच्या ओटीत ठेवली. त्यांच्या धंद्यात हत्यारं देऊन टाकणं म्हणजे काम संपलं. त्या नको नको म्हणत होत्या, डोळे पुसत होत्या. वर मीच होते, त्यांची लाडकी.

अक्षताबाईंच्या हातातही मी वळणावर सरकत राहिले. त्या बिचाऱ्या पीरसाबांच्याच शिष्या! पंधरा-पंधरा मिनिटं नुसती अर्धवर्तुळं काढत बसायच्या. "माझाच हात कच्चा," म्हणायच्या, "चाचांची कोरणी कशी चुकेल?" ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अक्षताबाई रविवारी भेटून यायच्या आणि घरी सांगायच्या: चाचा आता चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. चाची त्यांना अर्धाच कप देतात, सांडू नये म्हणून. आणि मग एका रविवारी सांगितलं, चाचींचा उजवाही डोळा गेला.

मी फडक्यात पडून होते. रडायला मला डोळे नाहीत, आणि ज्यांना होते त्यांचे गेले.

चौदा महिने झाले. या उन्हाळ्यात मुठीवरचं सूत घामानं कुजून वास मारायला लागलं. अक्षताबाईंनी नवं सूत आणलं आणि जुनं उलगडायला घेतलं. शेवटचा वेढा निघाला आणि मूठ त्यांच्या हातात दोन फाका होऊन उघडली. आतली चीर जुनी होती, काळी पडलेली. बाईंनी ती बोटानं चाचपली. मग टेबलावरची सगळी बिघडलेली अर्धवर्तुळं बघितली. "अगं आई गं," एवढंच म्हणाल्या. मला तशीच रुमालात घातली आणि भर दुपारी बेचाळीस डिग्रीत स्कूटी काढली.

पीरसाब पलंगावर बसले होते, हातात कप, दोन्ही हातांत. शेजारी सायराबानू लसूण सोलत होत्या, चाचपून चाचपून.

"चाचा, तुमचा हात गेला नव्हता," अक्षताबाई म्हणाल्या. "मूठ तडकली होती. हे बघा."

पीरसाबांनी दोन्ही फाका घेतल्या. उजेडाला धरल्या, जोडल्या, परत उघडल्या.

"काय झालं?" सायराबानूंनी विचारलं. "काय दाखवतीस गं त्यांना?"

"मूठ फुटलीया," पीरसाब म्हणाले. "त्या दिवशी पडली तवाच. हात माझा बरा होता, सायरा."

"म्हंजे वरीसभर मी तुमाला अर्धाच कप चहा देत आले तो फुकट?" त्या म्हणाल्या. हसायला गेल्या, पण हसू अर्ध्यातच राहिलं. कारण पीरसाब रडत होते.

"आगं, तुला डोळा होता तवर... माझीच चूक. हात बघत बसलो, हत्यार उलटून बघितलंच न्हाय. माझीच चूक हाय ती."

नाही हो! मला ओरडायचं होतं. तुमची नाही, माझी! पण कोरणीला कुठलं तोंड?

सायराबानूंनी लसणाचं ताट खाली ठेवलं. "मग आता बसा की कामाला. भुवई ऱ्हायलीया न्हवं? एका भुवईची बाई ठेवणार हाय का मला?"

"आता कुणासाठी?"

"माझ्यासाठी! डोळे गेलेत, मी न्हाय गेले."

पीरसाबांनी मला नवी मूठ केली, पुन्हा बाभळीचीच. यावेळी वर सूत गुंडाळलं नाही. हात चौदा महिने बसून होता, म्हणून चार दिवस रद्दी लाकडावर नुसती वळणं काढली. मग ती जुनी गुल्ली काढून नवी बसवली आणि भुवईला हात घातला. मी जीव मुठीत घट्ट रोवून होते. ठसा हळूहळू वळत गेला, मी पुढं गेले, परत आले. तीस रेघा. एकही तुटली नाही. खालचा डोळा झाला, पापणी झाली. पीरसाबांचा हात एकदाही थरथरला नाही. तो कधीच थरथरत नव्हता.

परवा काम संपलं. पीरसाबांनी ब्रशनं भुसा झाडला आणि ठसा सायराबानूंच्या मांडीवर ठेवला. अक्षताबाई शेजारी उभ्या होत्या. सायराबानूंनी बोटं फिरवली. पदर, कान, कानामागची बट. बटेवर त्या थांबल्या, एकेक केस बोटाच्या टोकानं मोजल्यासारखं केलं. मग भुवईवर आल्या.

"इतकी नीट कुटं होती माझी भुवई?" त्या म्हणाल्या. "लबाड हाय तुमी."

"जशी होती तशीच काढलीया," पीरसाब म्हणाले.

"व्हय? बघू तरी." आणि सायराबानूंनी ठसा दोन्ही हातांनी उचलला, मान तिरकी केली आणि जन्मभराच्या सवयीनं तो खिडकीकडं, उजेडाला धरला.

मग त्यांना आठवलं. त्यांनी ठसा सावकाश परत मांडीवर ठेवला.

मी आता पीरसाबांच्या खिडकीत असते. मूठ पक्की, धार चोख. अक्षताबाईंनी हत्यारं परत आणून दिली आणि रविवारी दोघं मिळून कोरतात. पीरसाब आता त्यांना सांगतात, रेघ तुटली तर आधी हत्यार उलटून बघा, मी बघितलं न्हाय. दर वेळी सांगतात. दर वेळी दोष स्वतःच्या माथी घेतात, आणि मी त्यांच्याच हातात बसून ते ऐकते.

मी स्वतःसाठी माफी मागत नाही, मला ती नकोय. पण तुम्हाला तोंड आहे. विजापूर वेशीत कधी गेलात तर त्या घराशी थांबा आणि पीरसाबांना एवढं सांगा, की चूक त्यांची नव्हती. कोरणीला ठाऊक होतं आणि ती गप्प बसली.