बाईंचा डावा हात

"बाई, हे सगळं उलटं आलंय!" संगणकाचे सर खुर्चीत मागे रेलून हसत सुटले. "घड्याळ बघा तुमचं. उजव्या हातात!"

बाईंनी चष्मा वर सरकवला. पडद्यावर त्यांचेच हात बुटाची लेस बांधत होते, पण घड्याळ खरंच भलत्या मनगटावर होतं. नव्या मुख्याध्यापकांनी प्रत्येक वर्गाला ब्लॉग काढायला लावला होता आणि बाईंनी मोठ्या हौसेने दुसरीच्या ब्लॉगवर आपला पहिला व्हिडिओ चढवला होता. टॅब्लेटला मागच्या बाजूलाही कॅमेरा असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ज्यात आपण दिसतो तोच कॅमेरा, अशी त्यांची समजूत. म्हणून पुस्तकांच्या दोन चळतींवर त्यांनी टॅब्लेट पालथा घातला, खाली बूट ठेवला आणि व्हिडिओ घेऊन टाकला. त्या कॅमेऱ्याने आरशासारखी डाव्या-उजव्याची अदलाबदल केली होती.

"आधी काढून टाका हो ते. शोभा नको," बाई म्हणाल्या.

"काढतो. पण खाली कुणीतरी लिहिलंय, ते तर वाचा."

भिंगरीच्या आजोबांनी लिहिलं होतं, 'काल नातीने व्हिडिओ बघून स्वतःची लेस स्वतः बांधली. आता घरात दिसेल त्या बुटाला गाठ मारत फिरते आहे. बाई, तुम्हीही डावखुऱ्या आहात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पोरीचे पाय जमिनीवर नाहीत.'

बाईंनी ते पुन्हा वाचलं. या पोरीला भिंगरी हे नाव वर्गानेच दिलेलं, एक क्षण स्वस्थ बसत नाही म्हणून. पण खेळाच्या तासाला ती पायरीवर बसून असायची. लेस सुटायची, पायात यायची, आणि दर वेळी कुणाकडे पाय पुढे करायची तिला लाज वाटायची. बाईंनी तिला समोर बसवून शिकवलं, मांडीवर घेऊन शिकवलं, एकदा चिडूनही झालं. डाव्या हाताने दाखवावं, हे काही सुचलं नव्हतं. बाईंना स्वतःचा राग आला आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला.

"राहू द्या तो व्हिडिओ. हात नका लावू."

"अहो, पण चुकलाय तो!"

"चुकू दे की. तुमचं काय जातंय?"

संध्याकाळी त्या मांडीवर बूट घेऊन बसल्या. डावा हात ऐकेल तर शपथ! नवरा दारातून बराच वेळ बघत राहिला.

"अगं, बूट पायात घालतात."

"गप्प बसा हो. उद्या पोरीने विचारलं तर काय तोंड दाखवू?"

सगळं ऐकल्यावर त्याने आपला बूट चढवला आणि पाय तिच्यासमोर स्टुलावर ठेवला. "घे. याच्यावर कर. पायातल्या बुटाला नीट जमतं."

दुसऱ्या दिवशी हजेरी संपायच्या आत भिंगरी टेबलाशी हजर. "बाई, सगळ्यांना करून दाखवा ना. आपल्या डाव्या हाताने!"

हो म्हणून वेळ मारून नेता आली असती. बाईंना ते जमलं नाही.

"अगं, मी उजव्याच हाताची. त्या कॅमेऱ्याने गंमत केली. पण कालपासून शिकतेय मी."

भिंगरीचा चेहरा एवढासा झाला. बाईंनी घाईघाईने टेबलावर बूट ठेवला आणि डाव्या हाताने सुरुवात केली. फास निसटला. पुन्हा केला, पुन्हा निसटला. वर्ग खो-खो हसला, बाईही हसल्या. भिंगरीला मात्र ते बघवेना. ती टेबलाला वळसा घालून बाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि त्यांचा अंगठा धरून जागेवर बसवला.

"इथे दाबायचं. सोडायचं नाही. आता त्या हाताने ओढा. तो नाही हो, दुसरा!"

त्या दिवशी पहिलाच तास खेळाचा होता. घंटा झाली. वर्ग धडाधडा बाहेर पळाला. भिंगरी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती, पण बाईंचा अंगठा काही सोडत नव्हती.

"जा ना, तुझा खेळ चाललाय तिकडे," बाई म्हणाल्या.

"जाते हो. तुमचं होऊ दे आधी."

बाईंनी मुकाट्याने लेस सोडली आणि पहिल्यापासून धरली.