निरोगी गटातली पोर

"घरात कुणाला नैराश्य? आईवडील, आजीआजोबा?" डॉक्टर साल्मेलांनी विचारलं.

"कुणालाच नाही," रित्वा म्हणाली.

तिचा बाप बर्फ फुटून तळ्यात बुडाला, असं सगळं गाव सांगतं. जन्मभर त्याच बर्फावर मासे धरणाऱ्या माणसाने त्या दिवशी बूट काढून काठावर नीट का ठेवले, हे एकानेही विचारलं नाही. तोंड शिवून बसायची अक्कल आमच्या फिनलंडात दुधातूनच पाजतात.

"छान! मग तुमची पिह्ला निरोगी गटात. ज्यांच्या घराण्यात आजार आहे, त्या मुलांच्या मेंदूतले दुवे वेगळे जुळतात का, ते हिच्याशी ताडून बघू."

चौदा वर्षांची पिह्ला तपासणीच्या यंत्रातून बाहेर आली.

"घाबरलीस काय गं?"

"छे! बाहेर यावंसंच वाटेना, आई. आत कुणी 'हस की जरा' म्हणत नाही."

बर्फावर दिवसदिवस बसणारा रित्वाचा बाप अगदी हेच म्हणायचा. डॉक्टरांचं दार अजून उघडं होतं. रित्वाने पोरीचा दंड धरला आणि तिला भराभर जिन्याकडे नेलं.

"हे असलं आजीपुढे बोलायचं नाही. कुणापुढेच नाही. कळलं?"

"कळलं," पिह्ला म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती बोलेनाशीच झाली.